बांधावरचं करवंद



बेकरीतल्या केकवर किंवा मसाला पानात जी लालभडक चेरी असते, ती आपल्याकडे बहुतेक वेळा चेरी नसतेच. ते असतं करवंद! कच्चं करवंद मिठाच्या पाण्यात मुरवायचं, बी काढायची, खायचा लाल रंग द्यायचा आणि साखरेच्या पाकात ठेवून तो पाक रोज थोडा घट्ट करत न्यायचा. खऱ्या आंबट चेरीच्या झाडाला लांबलचक, कडक हिवाळा लागतो. निफाडचा पारा कितीही उतरला तरी तेवढ्याने तिचं भागत नाही. करवंदाला मात्र त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याचा मुरमाड माळही चालतो.

उन्हाळ्यात कसारा घाटात, इगतपुरीला पानांच्या द्रोणातून ही डोंगरची मैना विकायला येते. रानात फुकट मिळते, मग लावायची कशाला, असं आपण म्हणतो. मला हे पटत नाही. द्राक्षबागेच्या कुंपणाच्या तारेवर पैसा ओततो आपण. ती तार काही फळ देत नाही; करवंदाची काटेरी जाळी कुंपणही होते आणि फळही देते.

मात्र सलग बाग करा, असं मी सांगणार नाही. टोकदार काट्यांतून एकेक फळ तोडायला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत. करवंदाची जागा बांधावर. पिकलेल्या फळांचं बी धुऊन, सावलीत सुकवून लगेच पिशव्यांत टाका. ठेवून दिलं तर उगवण घटते. वर्षाचं रोप पुढच्या पावसाळ्यात दोन-तीन फुटांवर लावा. पहिले दोन उन्हाळे थोडं पाणी द्या आणि शेळ्यांपासून जपा. नंतर जाळी स्वतःचं बघते. मोठं फळ हवं असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ ही जात आहे.

आता शेतकरी भगिनींसाठी लोणचं आणि जेली. लोणच्याला हिरवी, टणक करवंदं घ्या. देठाचा चीक बोटांना चिकटतो, म्हणून आधी हाताला तेल लावा आणि फळं मिठाच्या पाण्यात धुवा. जेलीला निम्मी पिकलेली, निम्मी गुलाबी झालेली घ्या. नुसती काळी घेतलीत तर जेली नीट धरत नाही, कारण ती घट्ट करणारं पेक्टिन अर्धकच्च्या फळात जास्त असतं. फळं बुडतील एवढ्या पाण्यात स्टीलच्या पातेल्यात शिजवा, रस फडक्यातून आपोआप गळू द्या. फडकं पिळायचं नाही, नाहीतर जेली गढूळ होते. वाटीभर रसाला पाऊण वाटी साखर घालून उकळा. गार बशीवर थेंब टाकून बोटाने ढकला. वर सुरकुती पडली की गॅस बंद करा. रंग असा गडद जांभळट-लाल येतो की वरून काही घालावं लागत नाही.

बी टाकायचं असेल तर यंदाची पिकलेली फळं जून सरायच्या आत गोळा करा.