‘प्लेझीर दामूर’ : एका गीताचा प्रवास

‘प्लेझीर दामूर’ या फ्रेंच शब्दांचा अर्थ ‘प्रेमाचे सुख’. या नावाचे गीत दोन शतकांहून अधिक काळ गायिले जात आहे. नाव सुखाचे असले तरी गाऱ्हाणे दुःखाचेच आहे. वाहत्या ओढ्याची साक्ष काढून प्रेयसीने शपथ घेतली होती. ओढा वाहतोच आहे, ती मात्र दुसऱ्याची झाली. आपल्या विरहिणींच्या परिचयाचीच ही व्यथा. येथे ती पुरुषाच्या मुखी आहे, एवढाच भेद.

फ्लोरियां या लेखकाच्या ‘सेलेस्तीन’ या 1784 मधील कथेत हे शब्द आले. कथा स्पेनमधली, आणि गाणारा शेळ्या राखणारा एक गुराखी! त्यांना चाल दिली मार्तिनी यांनी. नाव इटालियन, कर्मभूमी फ्रान्स. परंतु हे गृहस्थ जन्माने जर्मन, 1741 साली बव्हेरियात जन्मलेले. तालेवारांच्या आश्रयाने त्यांचा योगक्षेम चाले. पुढे राज्यक्रांती झाली. फ्लोरियां तुरुंगात पडले आणि सुटकेनंतर लवकरच, 1794 मध्ये, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी वारले. मार्तिनी मात्र क्रांती, नेपोलियन आणि पुन्हा आलेले राजे, हे सारे पाहून 1816 साली निवर्तले. त्यांच्या संगीतिका आज कोण ऐकतो? उरले ते हे एक लहानसे गीत.

ते का उरले? मला वाटते, त्याच्या चालीत आक्रोश नाही. शब्द तक्रार करतात, स्वर मात्र झुल्यासारखे हेलकावत राहतात. दुःख सांगता सांगताच ते निववतात. गाण्यास ती फारशी अवघड नाही, हेही कारण लहान नव्हे. 1859 मध्ये बेर्लिओझ यांच्यासारख्या थोर संगीतकाराला या चालीसाठी वाद्यवृंदाची साथ लिहावीशी वाटली.

श्रोतेहो, 1961 साली तर मोठी गंमत झाली. अमेरिकेत जोन बाएझ यांनी हे गीत मूळ फ्रेंच शब्दांत ध्वनिमुद्रित केले. त्याच वर्षी एल्विस प्रेस्ली यांच्या ‘ब्लू हवाई’ चित्रपटात हीच चाल नव्या इंग्रजी शब्दांनिशी अवतरली. तेथे वंचनेचा मागमूस नाही. मन आवरत नाही अशी प्रेमाची गोड कबुली आहे. त्या गीताची दुसऱ्या एका वाद्यवृंदाने केलेली आवृत्ती 1993 मध्ये अमेरिकेत अग्रस्थानी पोहोचली. परित्यक्त प्रियकराची ही चाल आज पाश्चात्त्य विवाहसमारंभांत वाजते, आणि वधूवर तिच्यावर नाचतात.