कमान झाली, पांदण राहिली
(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्याच्या पत्रिकेत कापसाचा भाव आहे, ज्वारीची खरेदी आहे, विम्याचा घोळ आहे. त्यात आम्ही ग्रामपंचायत हा विषय मागून घेतला, तेव्हा काही कार्यकर्ते हसले. ‘भावाची लढाई सोडून आता गटारं मोजायची का?’ असे एकाने तोंडावर विचारले. त्याचे काही चुकले नाही. ग्रामपंचायत म्हटली की डोळ्यांपुढे येते काय? भावकीतली भांडणे, निवडणुकीतली दारू, घरकुलाच्या यादीतली नावे. शहाण्या शेतकऱ्याने त्या वाटेला जाऊ नये असे बरीच वर्षे आम्हालाही वाटत होते. आम्ही शेतीची पदवी घेतलेली माणसे. माती शिकलो, बियाणे शिकलो, खताच्या मात्रा पाठ केल्या. पण चार वर्षांच्या अभ्यासक्रमात पांदण हा शब्द एकदाही आला नाही. म्हणून आज आधी पांदणीचेच बोलू.

हिशेबापासून सुरुवात करू, कारण हिशेब मांडल्याशिवाय बोलायचे नाही ही आपली जुनी सवय आहे.

दिवाळीच्या तोंडावर पऱ्हाटी फुटलेली असते आणि परतीचा पाऊस गाठतो. बायांनी वेचलेला कापूस वावरातच ताडपत्रीखाली बांधून पडतो, कारण पांदणीत बंडीचे चाक अर्धे रुतते. ट्रॅक्टरवाला तर लांबूनच हात जोडतो. मग गाठोडी डोक्यावरून निघतात. जी निघत नाहीत ती दोन-दोन रात्री तिथेच दव पितात. तुम्ही असा कापूस घेऊन केंद्रावर जाता. कापूस महामंडळाच्या खरेदीत ओलावा धरलेला असतो 8 टक्के. त्याच्या वर प्रत्येक टक्क्याला भावातून एक टक्का कापतात, आणि 12 टक्क्यांच्या पुढे गेला की गाडी परत. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8110 रुपये होता. 12 टक्के ओलावा भरला तर 4 टक्के कपात, म्हणजे क्विंटलमागे 324 रुपये. ज्याच्या घरात वीस क्विंटल कापूस आहे त्याचे साडेसहा हजार रुपये काट्यावरच गेले. आणि गाडी परत फिरली तर मग व्यापारी सांगेल तो भाव.

हा सगळा ओलावा पांदणीचा आहे असे आम्ही म्हणत नाही. सकाळी दवात वेचलेला कापूस ओला असतोच, पाऊसही पंचायतीला विचारून येत नाही. पण वेचलेला माल त्याच दिवशी घरी आणून पसरता आला तर त्यातला बराच ओलावा अंगणात उडून जातो, हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगले माहीत आहे. दिल्लीकडे भाव मागताना आपण एकेका रुपयासाठी रस्त्यावर बसतो, आणि 324 रुपये आपल्याच शिवारातल्या चिखलात टाकून येतो. भावाची लढाई सोडून आम्ही इकडे आलेलो नाही. हीसुद्धा भावाचीच लढाई आहे.

आता आमच्याच गावची गोष्ट सांगतो. 2023 साली 2 ऑक्टोबरला ग्रामसभा होती. विषय होते गावाच्या तोंडाशी कमान, मंदिरापुढे पेव्हर ब्लॉक आणि पथदिवे. कमानीवर कोणाचे नाव घालायचे यावर अर्धा तास वाद झाला. तेवढ्यात मागे बसलेली एक म्हातारी उठली आणि म्हणाली, ‘कमानीतून माही बंडी जाईन हो, पण वावरातून कमानीपर्यंत येईन कशी?’ लोक हसले. सरपंच म्हणाले, आजी, तुमचा विषय पत्रिकेवर नाही. कायद्याच्या भाषेत सरपंचांचे बरोबर होते. पण कापूस आणि ज्वारीवर जगणाऱ्या गावात वावराचा रस्ता ग्रामसभेच्या पत्रिकेवर नव्हता, आणि तो नाही हे आम्हा शिकलेल्या माणसांच्या लक्षातही आले नव्हते.

त्या दिवशी घरी येऊन आम्ही कायदा काढून बसलो. 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून लागू झाली. पंचायतीकडे सोपवता येतील असे 29 विषय तिच्यासोबत अकराव्या अनुसूचीत घातले आहेत. त्यातला पहिला विषय कोणता? शेती. दुसरा जमीन सुधारणा. तिसरा लहान पाटबंधारे आणि पाणलोट. आपल्या राज्याच्या 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाला जी ग्रामसूची जोडली आहे तिचीही सुरुवात शेतीनेच होते. कागदावर पहिला नंबर आपला, आणि प्रत्यक्षात पंचायतीची नजर गावठाणाच्या शेवटच्या घरापाशी संपते. हे कोणा पुढाऱ्याचे कारस्थान आहे असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. कर घरावर बसतो, मत घरात मिळते, दिवा घरापुढे लागतो. वावर कोणी मागितलेच नाही.

जिथे मागितले तिथे काय झाले तेही बघा. नगर जिल्ह्यातले, आताच्या अहिल्यानगरमधले हिवरे बाजार आपल्यासारखेच कोरडवाहू. तिथे गावचा पाऊस मोजतात, आणि यंदा किती पाणी आहे, कोणते पीक परवडेल, हे ग्रामसभेत बसून ठरवतात. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही हा ठराव त्यांनी केला आणि पाळला. सगळी गावे हिवरे बाजार होणार नाहीत, तशी अपेक्षाही नाही. पण शिवार हा ग्रामसभेचा विषय होऊ शकत नाही, असे यापुढे कोणी सांगू नये.

बरे, पांदण अरुंद झाली कशी? तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा काढा. दुहेरी तुटक रेघेने गाडीमार्ग दाखवलेला असतो. त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एकेरी तुटक रेघ म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. आमच्या गावात मोठ्या पांदणीवर टेप धरला तेव्हा कुठे अकरा फूट भरले, कुठे नऊ, आणि नाल्याजवळ सात. उरलेले कोणी खाल्ले? सावकाराने नाही, सरकारने नाही, कारखानदारानेही नाही. नांगर वळवताना एक तास पांदणीत जाते. दुसऱ्या वर्षी तिथे पऱ्हाटीची एक ओळ उभी राहते. तिसऱ्या वर्षी त्या ओळीच्या बाहेर बोरीच्या काट्यांचे कुंपण पडते. वर्षाला एक तास म्हणजे काहीच नाही. पण दोन्ही बाजूंनी तीस वर्षे असे चालले की बंडी वळायला जागा राहत नाही.

आणि इथे आम्हाला एक गोष्ट तुमच्यापुढे कबूल करायची आहे. मोजणी व्हावी हा आग्रह आमचा. टेपचे एक टोक धरायलाही आम्हीच पुढे. तिसऱ्या वावरापाशी टेप येऊन थांबला तो आमच्या धुऱ्याच्या आत, चार फूट. वडिलांनी जाणूनबुजून धुरा सरकवला असेल असे वाटत नाही. पण आम्ही स्वतः वीस वर्षे तिथे पेरतो आहोत आणि कधी नकाशा पाहिला नाही. छातीवर संघटनेचा बिल्ला लावलेला माणूस, खिशात शेतीची पदवी, आणि पांदण खाल्लेली. गावातली पोरे तोंड फिरवून हसत होती. त्याच दिवशी कुंपण काढायला घेतले. काटे हातात गेले, पण दुसऱ्या दिवशी चार जणांनी न सांगता आपापली कुंपणे काढली. हे काम शंभर भाषणांनी झाले नसते.

तरी सगळे सुरळीत झाले असे समजू नका. नाल्याजवळ एक भाऊ आहे, दोन एकराचा धनी. नकाशाप्रमाणे त्याचे नऊ फूट जातात, तेही वावराच्या लांब बाजूने. तो म्हणतो, ‘तुमचे दहा एकरांतले चार फूट, माझे दोन एकरांतले नऊ. दोन्ही सारखे कसे?’ याला आमच्याजवळ उत्तर नाही. कायदा आमच्या बाजूने आहे, पण पोलीस उभे करून काढलेला रस्ता पुढच्या तीन पिढ्यांचे वैर पेरून जातो. समोरच्या धुऱ्यावरचा मोठा शेतकरी आपल्या बाजूने थोडे देईल का, यावर बोलणे चालू आहे. तोपर्यंत पांदण तिथेच अडली आहे.

जिथे समजुतीने होत नाही तिथे कायद्यात काय आहे तेही सांगून ठेवतो. वहिवाटीचा रस्ता कोणी नव्याने अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. मात्र अडवल्यापासून 6 महिन्यांच्या आत. ‘बघू, पेरणी झाल्यावर’ म्हणणाऱ्यांची मुदत अशीच जाते. वावराला रस्ताच नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली धुऱ्यावरून रस्ता मागता येतो. 2025 च्या मे महिन्यात शासनाने निर्णय काढला की असा रस्ता शक्यतो 3 ते 4 मीटर रुंद द्यावा आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कात त्याची नोंद घ्यावी. नोंदीचा आग्रह धरा. तोंडी दिलेला रस्ता म्हाताऱ्याबरोबर जातो, पोरगा म्हणतो मला माहीत नाही. आणि सार्वजनिक रस्त्यावरचे, मोकळ्या जागेवरचे अतिक्रमण काढण्याचा अधिकार ग्रामपंचायतीलाही कलम 53 ने दिला आहे. 2024 साली ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी झाला आणि तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला. नावे लांबली, पांदण होती तेवढीच आहे.

रस्ता मोकळा झाला की लगेच मुरूम टाकण्याची घाई करू नका. हे आता मातीचा विद्यार्थी म्हणून सांगतो. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की भेगाळते. तिच्यावर नुसता मुरूम ओतला तर पहिल्या पावसात मुरूम खाली आणि चिखल वर. आधी दोन्ही बाजूंनी नाल्या काढा, निघालेली माती मधे घालून रस्ता कासवाच्या पाठीसारखा करा, दाबा, आणि मग मुरूम टाका. नाल्याचे तोंड ओढ्याला मिळाले पाहिजे, कोणाच्या वावरात सुटले तर दुसरे भांडण. ठेकेदार नाली टाळतो, कारण मुरमाच्या ट्रिपा मोजता येतात आणि बिलही त्याचेच निघते. काम चालू असताना दोन माणसे उभी ठेवा.

पैसा कुठला, असे विचाराल. 15 व्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 या पाच वर्षांत पंचायतीला आलेल्या निधीतला 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, 40 टक्के गावाच्या गरजेप्रमाणे खर्चायला मोकळा होता. 2021 पासून शेत-पाणंद रस्त्यांची मातोश्रींच्या नावाची योजनाही आली. पण गावाच्या विकास आराखड्यात पांदणीचे नावच नसेल तर कोणती योजना ती शोधत येईल? आराखडा ग्रामसभेत ठरतो. तुमच्या गावच्या आराखड्यात शिवारातली किती कामे आहेत, हे इथून गेल्यावर वाचा. आमच्या गावच्या आराखड्यात एकही नव्हते.

पैसेवारीबद्दल थोडेच बोलतो, कारण वेळ कमी आहे. गावच्या पीक पैसेवारीच्या समितीत सरपंच असतो, शेतकरी सदस्यही असतात. नजरअंदाज, सुधारित, अंतिम अशी तीनदा पैसेवारी निघते. 50 पैशांच्या वर की खाली यावर सारावसुलीची सूट, मुलांची परीक्षा फी आणि वीजबिलाची सवलत लटकलेली असते. 2016 च्या दुष्काळ संहितेनंतर दुष्काळ ठरवण्याचे निकष बदलले, तरी पैसेवारी काढणे थांबलेले नाही. आणि आपले सरपंच वावरात पाय न ठेवता सही करतात. सही करण्याआधी आकडा ग्रामसभेत वाचून दाखवा, एवढे तरी मागा.

आता 1 मेची ग्रामसभा. 15 ऑगस्टला आपण डवरणीत नाहीतर फवारणीत असतो, 26 जानेवारीला तुरीत नाहीतर वेचणीत. 1 मेला वावर रिकामे, माणूस रिकामा, आणि पांदणीचे काम करायला पुढे महिनाभर कोरडा. मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसे लागतात. तेवढी जमली नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग चार माणसांत ठराव होतात आणि वही सहीसाठी घरोघर फिरते. तशी वही दारात आली तर सही करू नका, ती आणणारा सख्खा मेहुणा असला तरी. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. कापूस डोक्यावरून बायाच आणतात, तेव्हा पांदणीचा ठराव आधी तिथे करून घ्या. आमच्याकडे ती म्हातारीच सूचक होती.

ठरावाच्या प्रती मंडपाच्या दाराशी ठेवल्या आहेत. गावाचे नाव, गट नंबर आणि नकाशावरची रुंदी या जागा रिकाम्या सोडल्या आहेत. त्याखाली एक जादा ओळ आहे: ‘माझ्या धुऱ्याने पांदणीत आलेले अंतर.’ ती ओळ ज्याची त्याने आपल्या हाताने भरायची आहे. नमुना म्हणून आमची भरलेली प्रत वर लावली आहे.