पहिल्या चोवीस तासांची नोंद
(वार्षिक सभेतील मनोगत)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आतड्याचा कारभार मला मुख्य कचेरीने बहुतेक अधिकार सोपविलेल्या शाखेसारखा वाटतो. मेंदू व्हेगस मज्जातंतूद्वारे निरोप धाडतो खरा. परंतु अन्न पुढे सरकविण्याचे काम आतड्याच्या भिंतीतील १० कोटींहून अधिक मज्जापेशी बहुतांशी स्वतःच सांभाळतात.

गर्भावस्थेत या पेशी वरून खाली सरकत साधारण १२व्या आठवड्यापर्यंत आतड्याच्या टोकाशी पोहोचतात. सुमारे ५,००० बाळांमागे एकात त्या वाटेतच थांबतात. मग शेवटचा भाग आवळलेलाच राहतो, मळ अडतो, पोट फुगते, हिरवी उलटी होते. १८८६ मध्ये कोपनहेगनचे डॉ. हिर्शस्प्रुंग यांनी या विकाराचे वर्णन केले. मज्जापेशीविरहित भाग काढून निरोगी आतडे जोडण्याची डॉ. स्वेन्सन यांची शस्त्रक्रिया १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. अशा शस्त्रक्रियेने आज बहुतेक बाळे वाचतात.

मात्र बाळ वेळेत पोहोचले पाहिजे. धडगाव-अक्कलकुव्याच्या दुर्गम पाड्यांवरून येणाऱ्यांना वाटच लांब; त्यात घुटी, एरंडेल देऊन वाट पाहिली, तर आतड्यातील संसर्ग जीवावर बेततो.

म्हणून कळकळीची विनंती: पहिल्या २४ तासांत बाळाला काळी शी झाली नाही, तर आशाताईंना सांगा व तपासणी करून घ्या. पोट फुगले वा हिरवी उलटी झाली, तर तत्काळ १०८ला कळवा. प्रत्येक विलंब म्हणजे हाच विकार नव्हे. परंतु निर्णय डॉक्टरांनी करावा.

जमाखर्चातील चूक पुढील वर्षी दुरुस्त होते. ही नोंद राहिली, तर तशी संधी मिळेलच असे नाही.