मेक्लेनबर्गची अल्पायुषी प्रतिनिधिसभा



जर्मनीच्या नकाशात अगदी उत्तरेकडे पाहा. बाल्टिक समुद्राला लागून मेक्लेनबर्ग नावाचा मुलूख दिसेल. सपाट जमीन, जागोजाग तळी आणि धान्याची लांबच लांब शेते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जर्मनी हा एकसंध देश नव्हता. लहानमोठी मिळून तीस-चाळीस राज्ये होती. मेक्लेनबर्गातच दोन होती, एक श्वेरीन आणि दुसरे स्ट्रेलिट्झ. दोन्हींचे राजे वेगळे. त्यांना ग्रँड ड्यूक म्हणत. दोन्हींची मिळून वस्ती सुमारे ६ लाख. पण दोघांचे विधिमंडळ मात्र एकच होते, आणि तेही मोठे विलक्षण.

या मंडळात बसत कोण? एक, मोठ्या जहागिरींचे मालक; आणि दुसरे, शहरांचे नगराध्यक्ष. जहागीरदाराला कोणी निवडून द्यायचे नाही. जमीन त्याची, म्हणून आसन त्याचे. जमीन विकली की आसनही घेणाऱ्याकडे गेले! शेतात राबणाऱ्याला तिथे जागा नव्हती. हा सगळा कारभार १७५५ साली ड्यूक आणि जहागीरदार यांच्यात झालेल्या एका करारावर चालत असे.

आता त्या शेतमजुराची स्थिती बघा. तिथली वेठबिगारी कायद्याने १८२० साली उठली खरी. पण मजूर मोकळा झाला म्हणजे काय झाले? जहागिरीत राहायला घर द्यायचे की नाही, हे मालकाच्या मर्जीवर. राहण्याचा हक्क मिळाल्याशिवाय लग्नही करता येत नसे. फ्रिट्झ रॉयटर हा तिथल्या बोलीत लिहिणारा मोठा लेखक. त्याने १८५७ साली एक दीर्घ काव्य लिहिले, ते याच दुःखावर. अशा कित्येकांनी पुढे गाव सोडले आणि बोटीने अमेरिका गाठली.

मग १८४८ साल उजाडले. पॅरिस, व्हिएन्ना, बर्लिन, जिथे तिथे लोक रस्त्यावर आले. मेक्लेनबर्गातही सभा झाल्या, अर्ज गेले. श्वेरीनचा ग्रँड ड्यूक फ्रीड्रिख फ्रान्झ दुसरा हा तेव्हा पंचविशीचा तरुण. त्याने मार्चमध्ये राज्यघटना देण्याचे वचन दिले. नवल असे की, खुद्द जहागीरदारांच्या मंडळानेही आपला जुना हक्क सोडायची तयारी दाखवली. ऑक्टोबरात निवडणूक झाली. मतदान फक्त पुरुषांचे, तेही थेट नव्हे, मधल्या निवडकांमार्फत. पण मत देताना जमीनदार आणि मजूर असा भेद नव्हता. ३१ ऑक्टोबर १८४८ रोजी श्वेरीनला प्रतिनिधिसभा भरली. रोस्टॉकचे वकील मॉरिट्झ विगर्स पुढे तिचे अध्यक्ष झाले.

या सभेने जवळजवळ दहा महिने बसून घटना तयार केली. श्वेरीनच्या ड्यूकने ती मान्य केली आणि ऑक्टोबर १८४९ मध्ये ती जाहीर झाली. स्ट्रेलिट्झच्या ड्यूकने मात्र अंग काढून घेतले. एव्हाना जर्मनीभर क्रांतीचा भर ओसरला होता, आणि भीती गेली तशी जहागीरदारांची तयारीही गेली. त्यांनी १७५५ चा करार पुढे केला. आमच्या संमतीवाचून तो मोडलाच कसा, असे त्यांचे म्हणणे. पाठीशी शेजारचे बलाढ्य प्रशिया राज्य उभे होते.

प्रकरण लवादाकडे गेले. प्रशियातल्या फ्रायेनवाल्डे या लहानशा गावी पंच बसले आणि सप्टेंबर १८५० मध्ये निकाल लागला : नवी घटना रद्द, जुने मंडळ जुन्याच रीतीने बोलवावे. ड्यूकने तो मुकाट्याने मानला. या वादात एका बाजूला जहागीरदार, दुसऱ्या बाजूला ड्यूक. ज्यांनी मते दिली, ते लोक मात्र पक्षकारच नव्हते! १८५३ मध्ये विगर्स यांना राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली आणि काही वर्षे त्यांची तुरुंगात गेली.

शिक्षक बंधुभगिनींनो, पुढची गोष्ट वर्गात मुलांना जरूर सांगा. १८६७ मध्ये उत्तर जर्मनीच्या राज्यांचा संघ झाला आणि त्याच्या संसदेसाठी सर्व प्रौढ पुरुषांना मत मिळाले. म्हणजे मेक्लेनबर्गचा मजूर साऱ्या संघाच्या संसदेसाठी मत देऊ शकत होता. स्वतःच्या राज्याच्या मंडळासाठी नाही. तेच विगर्स या संसदेत निवडून गेले. मेक्लेनबर्गलाही लोकनियुक्त सभा हवी, ही मागणी तिथे पुन्हा पुन्हा मांडली गेली. जुने मंडळ तरी हटले नाही. ते संपले १९१८ च्या क्रांतीत, राजेपदाबरोबरच. १९१९ च्या आरंभी निवडणूक झाली आणि या वेळी स्त्रियांनीही मत दिले. मध्ये ६८ वर्षे गेली होती.

ही सभा का टिकली नाही? तिने काम वाईट केले म्हणून नव्हे. सैन्य ड्यूकचे होते, गावातला न्याय जहागीरदाराच्या हाती होता, आणि जुना करार कपाटात तसाच जपून ठेवलेला होता. सभेच्या हाती होती ती ड्यूकची सही, आणि सही करणाराच मागे सरला. मत मिळाले, पण ते राखण्याची सत्ता मिळाली नाही. मेक्लेनबर्गच्या मजुराला १८४८ मध्ये जे मिळाले ते दुसऱ्याच्या भीतीतून मिळाले होते. भीती सरली आणि तेही गेले.