गर्दीत हरवण्याचा हक्क

(स्त्री-प्रश्नांवर काम करणाऱ्या गटांच्या शिबिरात 'सार्वजनिक जागा आणि आपण' या सत्रात केलेलं भाषण. बोलण्याची धाटणी तशीच ठेवली आहे.)



काल दिवसभर आपण रेशन, पाणी, रात्रपाळी आणि घरातली मारहाण यांवर बोललो. आज सकाळी फळ्यावर माझ्या नावापुढे 'रॉक संगीताचे जाहीर कार्यक्रम' असं लिहिलेलं पाहून दोघी-तिघी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "ताई, हा विषय श्रीमंतांच्या पोरींचा. आपल्या वस्तीतल्या बाईचा त्याच्याशी काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. बोलता बोलता त्याचं उत्तर देईन. आधी, ज्या अशा कार्यक्रमाला कधी गेलेल्या नाहीत त्यांच्यासाठी तिथे काय होतं ते सांगते.

दुपारपासून रांगा लागतात. संध्याकाळी मैदान भरतं. दिवे मालवले की हजारो घशांतून एकच आरोळी उठते. ड्रमचा ठोका कानाआधी छातीत वाजतो. मग ओळखीचं गाणं सुरू होतं आणि अख्खं मैदान शब्दन् शब्द गायला लागतं. शेजारी कोण उभं आहे हे ठाऊक नसतं, पण दोघांच्या तोंडी एकच ओळ असते. घरी कॅसेटवर, आता फोनवर, तेच गाणं जास्त स्वच्छ ऐकू येतं. तरी माणसं पैसे मोडून, पाय दुखेपर्यंत उभं राहून तिथे जातात, ती गर्दीसाठी. आपल्यातल्या ज्या वारीला गेल्या आहेत त्यांना हे वेगळं समजवायला नको. अभंग घरीही म्हणता येतो. पण दिंडीत टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर पावलं पडायला लागली की 'मी' जरा वेळ बाजूला राहतो. त्या विसरण्यात सुख आहे.

माझा मुद्दा एवढाच आहे, की हे स्वतःला विसरण्याचं सुख बाईच्या वाट्याला पुरतं येत नाही. ती गर्दीत असते, पण गर्दीत हरवू शकत नाही. तिचं अर्धं लक्ष गाण्यावर आणि अर्धं स्वतःच्या अंगावर असतं.

रंगभवनच्या पायऱ्या

मुंबईत धोबी तलावाला सेंट झेवियर्स कॉलेजला लागून रंगभवन नावाचं उघडं नाट्यगृह होतं. १९८६ पासून तिथे 'इंडिपेन्डन्स रॉक' हा कार्यक्रम भरू लागला. आपल्याच देशातले बॅन्ड वाजवायचे आणि कॉलेजची पोरं तुटून पडायची. आसपास रुग्णालय आणि कॉलेज, त्यामुळे तो भाग शांतता क्षेत्र ठरला आणि २००० नंतरच्या काही वर्षांत तिथलं संगीत थांबलं. पण नव्वदच्या सुमारास मी आणि माझी मैत्रीण तिथे जायचो. घरी 'प्रॅक्टिकल लांबलं' असं सांगून.

आम्ही मोजक्या मुली असायचो. स्टेजसमोर मोकळी जागा करून पोरं एकमेकांवर धडका देत नाचायची. तिथे शिरायची आम्हालाही इच्छा व्हायची. मग वर्गातले चार मित्र हात धरून आमच्याभोवती कडं करायचे. चांगली मुलं होती, मनापासून करायची. त्या कड्याच्या आत आम्ही दोघी नाचायचो, पण कडं हलेल तितकंच. कड्याबाहेर गेलो तर "तुम्हीच गेलात" हे ऐकायची तयारी ठेवायची. शिवाय कडं धरणाऱ्या त्या चौघांनाही नीट नाचता येत नव्हतं. संरक्षण आणि कुंपण एकाच हातांनी कसं होतं, ते मी पुस्तकात वाचण्याआधी तिथे पाहिलं.

आजच्या मुली काय सांगतात

तुम्ही म्हणाल, ही तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आता काळ बदलला. बदलला, हे खरं आहे. २०१९ च्या डिसेंबरमध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये 'यू टू' या आयरिश बॅन्डचा कार्यक्रम झाला, २०२५ च्या जानेवारीत तिथेच 'कोल्डप्ले'चे तीन झाले. अशा कार्यक्रमांना आता मुली झुंडीने जातात, आया-मावश्याही जातात. गेल्या काही महिन्यांत मी वेगवेगळ्या शहरांत, वेगवेगळ्या कार्यक्रमांना गेलेल्या मुलींशी बोलले. कुठल्या आयोजकाचं नाव मी घेणार नाही, कारण कहाणी सगळीकडे सारखीच आहे.

एक म्हणाली, "ताई, दुपारपासून पाणी प्यायले नाही. प्यायलं तर संडासला जावं लागतं. रांग इतकी, की परत येईपर्यंत आपली जागा जाते." दुसरीची पाळी आली होती. झडतीच्या वेळी तिच्या पिशवीतले पॅड बाहेर काढून टेबलावर मांडले गेले. तिसरीने घातलेल्या टी-शर्टवर बॅन्डचं नाव पाहून अनोळखी मुलगा म्हणाला, "यांची पाच गाणी सांग बघू." तिच्या भावाच्या अंगात तोच शर्ट होता, त्याला कोणी परीक्षा द्यायला लावली नाही. चौथी पुढच्या रांगेत दाबली गेली होती. गर्दीचा रेटा आणि मुद्दाम फिरणारा हात यांतला फरक कुठल्याही बाईला कळतो. तिलाही कळला. ती वळली तेव्हा मागे दहा चेहरे होते, सगळे स्टेजकडे बघणारे. तिने बाउन्सरला सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, गर्दीत असं होणारच. मागे जाऊन उभ्या रहा."

मागे जाऊन उभ्या रहा! लोकलमध्ये, जत्रेत, दहीहंडीला, विसर्जनाला हेच वाक्य आपण ऐकत आलो आहोत. वस्तीतल्या बाईचा काय संबंध, याचं उत्तर इथे आहे. तिकीट पाच हजारांचं असो की जत्रेतल्या पाळण्याचं, गर्दीत बाईने काय सोसायचं याचा नियम एकच आहे.

आणखी एक शब्द आहे, 'छेडछाड'. सतारीची तार छेडतात, त्यातला हा शब्द. गुन्ह्याला खेळ ठरवणारा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ७४ आणि ७५ खाली हा गुन्हा आहे. आपण तरी त्याला गुन्हाच म्हणू या.

किंचाळणाऱ्या पोरी

चाहती असण्याचीच चेष्टा होते, तेही बघू या. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये 'बीटल्स' गायले, तेव्हा पन्नास हजारांहून जास्त लोक होते. त्यांत मुली इतक्या आणि त्यांचा आवाज एवढा, की स्टेजवरच्या चौघांना स्वतःचं गाणं नीट ऐकू येईना. वर्तमानपत्रांनी त्या मुलींना वेडं ठरवलं. फुटबॉलच्या सामन्यात गळा फाडणाऱ्या पुरुषांना कोणी वेडं म्हणत नव्हतं. बार्बरा एरेनराइक आणि तिच्या दोन सहलेखिकांनी १९८६ साली या किंचाळण्याचा वेगळा अर्थ लावला. ज्या मुलींना घरात, शाळेत सतत 'नीट वाग' सांगितलं जात होतं, त्यांनी उघड्यावर, हजारोंनी मिळून 'नीट' वागायला नकार दिला. तिथे कुठली घोषणा नव्हती, तरी ते बंड होतं, असं त्यांचं म्हणणं.

मला हे पटतं. आपल्याकडे नाट्यगृहात 'फक्त महिलांसाठी' लावणीचे प्रयोग लागतात. एरवी पदर सांभाळणाऱ्या बायका तिथे शिट्ट्या मारतात, खुर्चीवर उभ्या राहून नाचतात. कारण मागे वळून बघायची गरज नसते.

बेफिकिरीची किंमत

रॉक म्हणजे बंडखोरी, असं म्हणतात. पण बंडखोरीच्या नावाखालीही बाईचं शरीर खेळणंच राहू शकतं. १९९९ च्या जुलैमध्ये अमेरिकेत रोम या गावी जुन्या हवाई तळावर 'वुडस्टॉक'चा तिसावा वर्धापनदिन साजरा झाला. कडक ऊन, तापलेलं डांबर, पाण्याची बाटली चार डॉलरला, तुंबलेले संडास. गर्दीच्या हातांवरून पुढे सरकवल्या जाणाऱ्या मुलींचे कपडे ओढले गेले, अंगाला हात लावले गेले. बलात्काराच्याही तक्रारी आल्या. शेवटच्या रात्री आगी लागल्या, आणि चर्चा झाली ती जास्त करून आगींची.

गर्दी नीट न हाताळल्याने जीवही जातात. ३ डिसेंबर १९७९ रोजी अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात 'द हू' या बॅन्डच्या कार्यक्रमाआधी दाराशी चेंगरून अकरा जण मेले. जागा क्रमांकाच्या नव्हत्या, जो आधी शिरेल तो पुढे, आणि दारं मोजकीच उघडली होती. आपल्या देशात २५ नोव्हेंबर २०२३ रोजी कोचीच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठात एका गायिकेच्या कार्यक्रमाआधी पाऊस आला, बाहेरचे लोक आत घुसले, उतरत्या पायऱ्यांवर पडले. चार जीव गेले, त्यांत दोन विद्यार्थिनी होत्या. अशा वेळी 'तरुण पिढीच बेफाम' म्हणणं सोपं असतं. पण दारं किती उघडायची, हे तरुण पिढी ठरवत नाही. सिनसिनाटीने नंतर बिनक्रमांकाच्या जागांवर कित्येक वर्षं बंदी घातली. म्हणजे ठरवलं तर नियम करता येतो.

कोणी काय करून पाहिलं

१९९० नंतर अमेरिकेच्या ऑलिम्पिया शहरातून 'रायट गर्ल' नावाची मुलींची चळवळ उभी राहिली. 'बिकिनी किल' या बॅन्डची गायिका कॅथलीन हॅना कार्यक्रम सुरू करताना मुलींना पुढे बोलवायची आणि पुरुषांना मागे सरकायला सांगायची. एवढीच कृती, पण मैदानाचा नकाशा बदलायचा. या मुली झेरॉक्स काढून आपली छोटी मासिकं वाटायच्या, त्यांत बलात्कार, मारहाण, स्वतःचं शरीर यांवर लिहायच्या. सायक्लोस्टाइल करून पत्रकं काढलेल्या आपल्यासारख्यांना हे घरचंच वाटेल.

'फुगाझी' हा पुरुषांचा बॅन्ड. समोर कोणी दांडगाई केली की ते गाणं मध्येच थांबवायचे आणि त्या माणसाला तिकिटाचे पाच डॉलर परत देऊन बाहेर काढायचे. स्टेजवरच्या माणसाच्या हातात माइक असतो, हे लक्षात घ्या. त्याने एक वाक्य बोललं तर दहा बाउन्सरांचं काम होतं.

स्वीडनमध्ये 'ब्रोवाला' हा महोत्सव २०१७ साली बलात्कार आणि लैंगिक हल्ल्यांच्या तक्रारींनंतर पुढच्या वर्षीसाठी रद्द झाला. २०१८ मध्ये गोथेनबर्ग शहरात पुरुषांना वगळून एक महोत्सव भरवला गेला. मागाहून तिथल्या भेदभाव-विरोधी अधिकाऱ्याने तो नियमबाह्य ठरवला. हा वाद आपल्याला नवा नाही. १९९२ साली पश्चिम रेल्वेवर लेडीज स्पेशल सुरू झाली, तेव्हापासून आपण घालतो आहोत. वेगळा डबा हवा की सगळ्या डब्यांत सुरक्षितता? माझं मत सांगते. डबा हवाच, कारण आज कामावर पोचायचं आहे. पण डबा मिळाला म्हणून उरलेली गाडी पुरुषांची झाली, हे मान्य करायचं नाही.

मैदान झाडणाऱ्या

आणखी एका बाईबद्दल बोलायचं राहिलं. कार्यक्रम संपल्यावर मैदान झाडणारी, दिवसभर संडासाबाहेर बादली घेऊन बसलेली, बायकांच्या रांगेची झडती घेणारी. ती कंत्राटी असते. मध्यरात्री सुटते आणि तिच्यासाठी गाडी नसते. २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा तिला लागू आहे, एका दिवसाचं कंत्राट असलं तरी. हे तिला कोणी सांगितलेलं नसतं. ते काम आपलं.

आपण काय मागायचं

परवानगी पोलीस आणि पालिका देतात. म्हणून मागणी तिथेच न्यायची. बायकांच्या संख्येच्या हिशेबाने संडास, आणि फुकट पिण्याचं पाणी. पॅड आत नेण्यावर हरकत नाही. गर्दीत फिरणारं, ओळखू येईल अशा कपड्यांतलं महिला पथक, आणि तक्रार तिथल्या तिथे लिहून घेणारं टेबल. बाहेर पडायची पुरेशी, दिवे असलेली दारं. रात्री दहाला लाउडस्पीकर बंद होतो आणि हजारो माणसं एकदम रस्त्यावर येतात, तेव्हा जादा बस आणि लोकल. हे अशक्य नाही. अनंत चतुर्दशीच्या रात्री जादा लोकल सुटतात. २०२५ मध्ये अहमदाबादच्या 'कोल्डप्ले'साठी रेल्वेने मुंबईहून खास गाड्या सोडल्या. ज्यांच्यासाठी सोडायच्या असतात त्यांच्यासाठी गाड्या सुटतात.

आणि एक मागणी आपल्या स्वतःकडे. मुलगी कार्यक्रमाला जाते म्हणाली तर पहिला प्रश्न "कशाला?" असा विचारू नका. रेशनच्या मोर्चाला जाणाऱ्या आपल्या आयांना घरच्यांनी हाच प्रश्न विचारला होता. मजा करायला बाहेर पडणाऱ्या बाईला कामाचा दाखला लागू नये. तिला विचारा, "परत येताना कशी येणार? सोबत कोण आहे? आम्ही जागे आहोत." तेवढं पुरे.

ही मागण्यांची यादी मी आणली आहे. जेवणाआधी अर्धा तास आहे. गटांत बसून ती वाचा, जे खटकेल ते खोडा, जे राहिलं ते घाला. आपापल्या गावच्या जत्रेला यातलं काय लागू होतं, तेही लिहा. दुपारच्या सत्रात निवेदनाचा मसुदा पक्का करू.