दगडातील शिंपला आणि घरातील खोका

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मी भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक नव्हे. जन्मभर हिशेबाची नोकरी केली; छंद मात्र दगडांचा. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा न ठेवता ऐकावे, ही विनंती.

गेल्या महिन्यात आपल्या शाळेतील नववीचा एक मुलगा खारघरच्या टेकडीवरून दगड घेऊन आला. काळ्या दगडात पांढरी, फुलासारखी नक्षी. "चाचा, हा समुद्रातला जीव आहे ना?" त्याचा चेहरा असा फुलला होता की "नाही" म्हणणे जिवावर आले. पण म्हणावे लागले.

नवी मुंबईच्या टेकड्या बेसाल्टच्या आहेत. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरलेला लाव्हा थंड होऊन हा दगड बनला. त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पुढे पाणी झिरपले आणि त्या पोकळ्यांत झिओलाइटचे स्फटिक वाढले. तेच हे "फूल". कधी दगडाच्या फटीत नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसते. तीही वनस्पती नव्हे, मँगनीजचा थर असतो. म्हणून पहिला नियम : आधी दगड ओळखा, मग त्यातील जीव.

मग आपल्याकडे समुद्री अवशेष नाहीतच का? आहेत, पण वयाने तरुण. कोकणच्या किनाऱ्यावर वाळू आणि शिंपल्यांचे तुकडे चुन्याने सांधून झालेला दगड आढळतो. त्याला काही ठिकाणी करल म्हणतात. भूगर्भशास्त्राच्या हिशेबाने तो कालचा, म्हणजे काही हजार वर्षांचा. पण शिकण्यासाठी त्याच्याइतका चांगला गुरू नाही. कारण त्यातील शिंपल्यांचे भाऊबंद आजही आपल्या स्वयंपाकघरात येतात.

आयाबहिणींनो, तिसऱ्या केल्यावर दोन-चार शिंपल्या धुऊन मुलांच्या हाती द्या. एक झडप नीट पाहिली तर ती डावी-उजवीकडे सारखी नसते, एका बाजूला झुकलेली असते. पण दोन्ही झडपा एकमेकींची आरशातील प्रतिमा असतात. कच्छच्या जुरासिक काळातील खडकांत ब्रॅकिओपॉड नावाचे प्राणी सापडतात. वरवर पाहता तेही शिंपलेच. परंतु त्यांचे नेमके उलट : प्रत्येक झडप मधोमध सारखी विभागता येते, आणि दोन झडपा मात्र लहानमोठ्या. कालव याला अपवाद आहे. खडकाला चिकटून वाढल्याने त्याच्या झडपा वेड्यावाकड्या असतात. वेटोळे दिसले तर आत पडदे आहेत का पाहावे. कप्पे असतील तर ॲमोनाइट, सलग पोकळी असेल तर गोगलगाय. पाच पाकळ्यांची नक्षी असलेला गोल दगड बहुधा सागरी साळिंदराचा, म्हणजे सी-अर्चिनचा असतो.

आणखी एक सावधगिरी. शिंपला दिसला की समुद्र, असे म्हणू नये. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी 1850 च्या दशकात टाकळी परिसरात लाव्हाच्या थरांमधील गाळातून शंख गोळा केले. तेही पेशाने भूगर्भशास्त्रज्ञ नव्हते. त्यांतील फायसा नावाचा शंख टोक वर करून धरला तर त्याचे तोंड डावीकडे येते. बहुतेक शंखांचे उजवीकडे असते. फायसा गोड्या पाण्यातील. म्हणजे लाव्हाचे दोन लोंढे वाहून येण्याच्या मधल्या काळात तिथे तळी होती! एका शंखाच्या तोंडावरून एवढे कळते.

हे निरीक्षण आपल्याला परके नाही. अल्-बिरुनी यांनी हजार वर्षांपूर्वी भारताच्या मैदानातील गोटे पाहिले. डोंगराजवळ मोठे, दूर जावे तसतसे लहान, शेवटी वाळू. त्यावरून त्यांनी लिहिले की ही भूमी कधी समुद्र होती व नद्यांच्या गाळाने भरत गेली.

आता माझी स्वतःची एक गोष्ट. मी पंधरा वर्षांचा असताना माझ्याजवळ बुटांचा एक खोका होता. त्यात किनाऱ्यावरचे, सहलीतले, मामांनी कच्छहून आणलेले असे चाळीसेक दगड. ईदच्या साफसफाईत तो खोका कचऱ्यात गेला. मी दोन दिवस जेवलो नाही. आईला दोष देत नाही. त्या खोक्यावर एकही चिठ्ठी नव्हती. तिला ते दगडच दिसले. कुठे सापडला, कोणत्या तारखेला, कोणत्या थरात, हे न लिहिलेला नमुना शेवटी दगडच असतो. चूक माझी होती. पण कोणी एकदा विचारले असते, "हे काय जमवले आहेस?" तर मी लिहायला शिकलो असतो.

डॉ. सालिम अली यांची कथा आठवा. 1908 साली लहानग्या सालिमने मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी "अभ्यास कर" म्हणून हाकलले नाही. त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडले. तिथे मिलार्ड साहेबांनी पक्षी ओळखून दिला आणि कपाटे उघडून संग्रह दाखवला. पक्षिशास्त्राची विद्यापीठीय पदवी नसलेला हा मुलगा पुढे जगन्मान्य झाला.

पालकहो, डॉक्टर-इंजिनिअर व्हावेतच. पण मुलाच्या, आणि मुलीच्याही, प्रश्नाला घरात एक फळी द्या. विद्यार्थ्यांनो, एकट्याने खाणीत वा भरतीच्या वेळी खडकांवर जाऊ नका, संरक्षित जागेतून काही उचलू नका, आणि खात्री नसेल तर नावापुढे प्रश्नचिन्ह लिहायला लाजू नका.

तो खारघरचा मुलगा परवा पुन्हा आला. दगडावर चिठ्ठी होती : "झिओलाइट. खारघर टेकडी. जीवाश्म नाही." मला वाटते, त्या दिवशी त्याने काही गमावले नाही. दगड तोच राहिला. मुलगा मात्र शिकला.

खुदा हाफिज.