राखेची कृती



मी जैन. आमच्या घरात कंदमूळ शिजत नाही. तरीही आज कंदांविषयीच बोलणार आहे, कारण दवाखान्यातली माझी मोठी चूक एका कंदापाशीच झाली.

दिवाळीनंतरचे दिवस. खानापूरकडचा एक शेतकरी उलट्या-जुलाबांनी बेजार होऊन आला. काय खाल्लं, हे न विचारताच मी पुड्या बांधून दिल्या. संध्याकाळी त्याचा भाऊ धावत आला. "डॉक्टर, हातपाय गार पडलेत." तेव्हा विचारलं. रानातला कंद उकडून खाल्ला होता. वेलाच्या पानाचं टोक दोऱ्यासारखं वळलेलं. म्हणजे कळलावी! तिच्या कंदात कोल्चिसिन असतं आणि शिजवल्यानं ते जात नाही. तातडीनं गाडी करून त्याला मोठ्या रुग्णालयात नेलं. तो वाचला. पंधरवड्यानंतर डोक्यावरचे केस गळले, तेही पुन्हा आले. मी वाया घालवलेले सहा तास मात्र परत आले नाहीत.

हल्ली रानभाज्यांचे महोत्सव भरतात, आनंद आहे. पण 'रानातलं ते निर्धोक' हे खरं नव्हे. झाडाला पळता येत नाही. विष हेच त्याचं कुंपण. सुरणात, अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, म्हणून घसा खाजतो. चिंच-आमसूल केवळ चवीसाठी नसतं. कडू करांद्यात यकृताला बाधणारी द्रव्यं असतात. म्हणून जाणत्या बाया त्याच्या चकत्या करून राखेच्या पाण्यात उकळतात, मग रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवतात. आपण कृती उतरवून घेताना मसाला लिहितो आणि राख गाळतो. तिथेच घात होतो. आणि कळलावीला तर कुठलीच राख पुरत नाही. तिथे ओळख हाच उपाय.

आमच्याकडे बावीस अभक्ष्यांत 'अजाण फळ' सांगितलं आहे; ज्याचं नाव ठाऊक नाही, ते खाऊ नये. लहानपणी मला तो नुसता नियम वाटे. आता त्यातलं शहाणपण कळतं.

तेव्हा रानात जा, पण जाणत्या माणसाचं बोट धरून. पुस्तकातल्या चित्रावर विसंबू नका. त्रास झालाच, तर उरलेला कंद, पान सोबत घ्या आणि थेट रुग्णालय गाठा. माझ्याकडे येऊ नका. जन्मभर होमिओपॅथी केलेला माणूस हे सांगतो आहे.